मोडण्यासाठी बांधलेला क्लस्टर

अ‍ॅमेझॉनच्या ईकेएस सेवेत कुबरनेटिसचा क्लस्टर नुसता उभा करून ठेवला, त्यावर एकही काम चालवलं नाही, तरी तासाला १० सेंट लागतात. महिनाभर तो तसाच राहिला तर आकडा ७३ डॉलरच्या घरात जातो. प्रत्यक्ष काम करणाऱ्या यंत्रांचं भाडं वेगळं. कंपनीच्या खात्यावर एवढी रक्कम कुणाच्या डोळ्यांतही येत नाही. सांगली किंवा लातूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीला मात्र ती परवडण्यासारखी नाही, आणि क्लस्टर बंद करायचा राहून गेला तर काय, ही धास्ती वेगळीच. तीच विद्यार्थिनी आपल्या लॅपटॉपवर एक आज्ञा देऊन चहा होईपर्यंत कुबरनेटिस उभा करू शकते, वाटेल तसा मोडू शकते आणि पुन्हा उभा करू शकते. त्यासाठी क्रेडिट कार्ड लागत नाही. लागणाऱ्या इमेज एकदा उतरवून घेतल्या की इंटरनेटही लागत नाही.

लॅपटॉपवरच्या अशा क्लस्टरकडे कित्येक अनुभवी मंडळी अजूनही सरावापुरती सोय म्हणून पाहतात. हा ग्रह चुकीचा आहे. त्यात चालणारे एपीआय सर्व्हर, शेड्युलर आणि कुबलेट डेटा सेंटरमधल्या क्लस्टरमध्ये चालतात तेच असतात. वेगळा असतो तो त्यांचा भोवताल. शिवाय निर्धास्तपणे मोडता येण्याची जी सवलत इथे मिळते, ती प्रॉडक्शनमध्ये कधीच मिळणार नाही. छोटा क्लस्टर मोडण्यासाठी बांधायचा, यावरच या पुस्तकाचा सगळा भर आहे.

कुबरनेटिसचं माहेर फारच मोठ्या मापाचं. गूगलमध्ये बोर्ग नावाची अंतर्गत व्यवस्था वर्षानुवर्षं हजारो यंत्रांवर कामं वाटून देत होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात बोर्गच्या एका मध्यम आकाराच्या ‘सेल’मध्ये सुमारे १०,००० यंत्रं असल्याची नोंद आहे. त्या अनुभवातून जो बेडा, ब्रेंडन बर्न्स आणि क्रेग मॅकलकी यांनी खुल्या स्रोताची नवी प्रणाली उभी केली. जून २०१४ मध्ये ती जाहीर झाली, २१ जुलै २०१५ रोजी १.० ही आवृत्ती आली आणि लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली उभ्या राहिलेल्या क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनकडे प्रकल्प सोपवण्यात आला.

त्याच्या खालचा थर आणखी जुना आहे. प्रोसेसर आणि मेमरीचा वाटा ठरवून देणारी सी-ग्रुप्स ही सोय पॉल मेनाज आणि रोहित सेठ या गूगलच्या अभियंत्यांनी २००६ पासून घडवली आणि जानेवारी २००८ मधल्या लिनक्स २.६.२४ मध्ये ती कर्नलचा भाग झाली. प्रत्येक प्रक्रियेला स्वतंत्र जग दाखवणाऱ्या नेमस्पेसेसची जोड तिला मिळाली. कंटेनर म्हणजे मुळात एवढंच: कर्नल एकच, पण आत चालणाऱ्या प्रोग्रॅमला वाटतं की सगळं यंत्र आपलंच. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पायकॉन परिषदेत पाच मिनिटांच्या भाषणात डॉकर दाखवलं आणि ही सोय सर्वसामान्य डेव्हलपरच्या हाती आली.

एक कंटेनर चालवणं सोपं. पन्नास कंटेनर, पाच यंत्रं, त्यातलं एक यंत्र मध्यरात्री बंद पडलेलं, अशी वेळ आली की कुबरनेटिस लागतो. त्याची रीत अशी: काय करायचं हे त्याला सांगायचं नाही, काय असायला हवं ते सांगायचं. ‘या सेवेच्या तीन प्रती असाव्यात’ असं यॅमलच्या फाइलमध्ये लिहून एपीआय सर्व्हरला दिलं की ती इच्छा एटसीडी नावाच्या डेटाबेसमध्ये नोंदली जाते. कंट्रोलर मॅनेजर नोंद आणि वास्तव यांतली तफावत सतत पाहत राहतो, शेड्युलर नवा पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा गट) कुठल्या नोडवर, म्हणजे यंत्रावर, जाईल ते ठरवतो आणि त्या नोडवरचा कुबलेट कंटेनर प्रत्यक्ष सुरू करतो. कुणी हुकूम सोडत नाही. प्रत्येक जण आपापल्या नोंदीकडे लक्ष ठेवून असतो. पुस्तकात हे वाचून पटतं, पण अंगवळणी पडत नाही. अंगवळणी पडायला क्लस्टर हाताशी लागतो.

सुरुवातीच्या काळात तो हाताशी असणं हेच अवघड होतं. हे सगळे घटक, त्यांच्यातली प्रमाणपत्रं आणि नेटवर्क हाताने जोडायचं म्हणजे दोन-तीन दिवसांची निश्चिंती. २०१६ मध्ये आलेल्या मिनिक्यूबने हा अडसर दूर केला. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साधनाने लॅपटॉपवर एक व्हर्च्युअल मशीन उभं करायचं आणि एका नोडचा क्लस्टर त्यात बसवायचा, ही त्याची मूळ पद्धत. पुढे डॉकरच्या कंटेनरमध्येच नोड चालवायची सोयही त्यात आली. मिनिक्यूब आजही किमान २ सीपीयू, २ जीबी मोकळी मेमरी आणि २० जीबी डिस्क मागतो. नवशिक्यासाठी तो अजूनही सर्वांत मायाळू पर्याय आहे, कारण डॅशबोर्ड, इन्ग्रेस, मेट्रिक्स असे पूरक भाग त्यात एकेका आज्ञेसरशी चालू होतात.

काइंड या दुसऱ्या साधनाची कहाणी वेगळी. कुबरनेटिस घडवणाऱ्यांनाच आपल्या प्रत्येक बदलाची चाचणी खऱ्या क्लस्टरवर घ्यायची होती आणि दर वेळी क्लाउडमध्ये यंत्रं मागवणं वेळखाऊ होतं. बेंजामिन एल्डर आणि जेम्स मनेली यांनी २०१८ मध्ये त्यावर उपाय काढला: प्रत्येक नोड म्हणजे डॉकरचा एक कंटेनर, आणि त्या कंटेनरच्या पोटात सिस्टमडी, कंटेनरडी आणि कुबलेट. कंटेनरच्या आत पुन्हा कंटेनर चालतात. ज्या साधनावर कुबरनेटिस स्वतःची परीक्षा घेतो, तेच डेव्हलपरने वापरावं यात मोठा फायदा आहे. कारण ते मूळ प्रकल्पापासून फटकून वागूच शकत नाही.

के३एस हा कुबरनेटिसचा छोटा अवतार जन्माला आला तो जवळपास दुसऱ्याच कामाच्या ओघात. रँचर लॅब्सचे डॅरेन शेफर्ड रिओ नावाच्या एका प्रकल्पावर काम करत होते. त्याच्या तळाशी छोटा, सुटसुटीत कुबरनेटिस हवा होता. तो तळच फेब्रुवारी २०१९ मध्ये स्वतंत्रपणे जगासमोर आला आणि रिओ मागे पडला. शेफर्ड यांनी केलेली काटछाट अभ्यासण्यासारखी आहे. क्लाउड कंपन्यांसाठीचे अंगभूत ड्रायव्हर आणि प्रायोगिक सुविधा काढून टाकल्या, वेगवेगळे घटक एकाच प्रक्रियेत गुंफले आणि सगळं १०० एमबीहून लहान अशा एकाच फाइलमध्ये बसवलं. एटसीडीची जागा एका नोडच्या मांडणीत एसक्यूलाइटने घेतली. एटसीडी प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की झाल्याशिवाय पुढे सरकत नाही, त्यामुळे रास्पबेरी पायच्या मेमरी कार्डावर त्याचा जीव मेटाकुटीला येतो. एसक्यूलाइट तिथे निभावून नेतं. सुरुवातीच्या माहितीपत्रकात किमान ५१२ एमबी रॅम पुरेल असं म्हटलं होतं. एवढं कापूनही कुबरनेटिसच्या प्रमाणीकरण चाचण्या तो उत्तीर्ण होतो, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ऑगस्ट २०२० मध्ये के३एस क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशनकडे गेला आणि त्याच वर्षी सुझेने रँचर विकत घेतली. हाच के३एस डॉकरच्या कंटेनरमध्ये चालवणारं के३डी हे साधन लॅपटॉपवर काही सेकंदांत क्लस्टर देतं.

कॅनॉनिकलचा मायक्रोके८एस आणि मिरँटिसचा के०एस याच कुळातले. डॉकर डेस्कटॉपमध्येही एक खूण केली की कुबरनेटिस चालू होतो. मात्र ऑगस्ट २०२१ मध्ये डॉकर कंपनीने २५० हून अधिक कर्मचारी किंवा १ कोटी डॉलरहून अधिक वार्षिक उत्पन्न असलेल्या कंपन्यांसाठी ते सशुल्क केलं, आणि त्यानंतर रँचर डेस्कटॉप, पॉडमन डेस्कटॉप, कोलिमा यांच्याकडे बऱ्याच जणांचे पाय वळले. यांतलं कुठलं साधन श्रेष्ठ यावर तासन्‌तास वाद घालता येतो. तो वेळ क्लस्टरवर घालवलेला बरा.

तो कसा घालवायचा याचं एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. काइंडने एका नोडचा क्लस्टर उभा केला की डॉकरच्या यादीत ‘काइंड-कंट्रोल-प्लेन’ असा एकच कंटेनर दिसतो. त्याच्या आत शिरून ‘एटसी’मधल्या ‘कुबरनेटिस’ फोल्डरात ‘मॅनिफेस्ट्स’ उघडावं. तिथे चारच फाइली सापडतात: एटसीडी, एपीआय सर्व्हर, कंट्रोलर मॅनेजर आणि शेड्युलर. कुबलेट या फोल्डरावर नजर ठेवून असतो. इथे फाइल असेल तर तो घटक चालवतो, नसेल तर बंद करतो. आता शेड्युलरची फाइल उचलून दुसरीकडे ठेवावी आणि आधीपासून तीन प्रतींत चालणाऱ्या सेवेच्या पाच प्रती मागाव्यात. जुने तीन पॉड जणू काही घडलंच नाही असे चालत राहतात. नवे दोन ‘पेंडिंग’मध्ये अडकतात, आणि त्यांचा तपशील मागितला तर घडामोडींची जागा रिकामी असते. हे रिकामेपण नीट लक्षात ठेवावं. मेमरी अपुरी असती तर शेड्युलरने तसं कारण लिहिलं असतं; इथे लिहिणाराच जागेवर नाही. फाइल परत जागेवर ठेवली की थोड्याच वेळात दोन्ही पॉड धावू लागतात.

मग कंट्रोलर मॅनेजरची फाइल हलवून एक पॉड पुसून टाकावा. तो परत येत नाही, कारण पाचाऐवजी चारच उरले हे पाहणारं कुणी नाही. एपीआय सर्व्हरची फाइल हलवली तर क्लस्टरशी बोलणाऱ्या कुबसीटीएल या साधनाच्या प्रत्येक आज्ञेला नकार मिळतो, पण सेवा मात्र चालू राहते. अर्ध्या तासाचे हे तीन प्रयोग केलेला डेव्हलपर पुढे कधी प्रॉडक्शनमध्ये ‘क्लस्टर बंद पडला’ असा फोन आला तर आधी विचारेल की नेमकं काय बंद पडलंय, आणि हा प्रश्न फार वेळ वाचवतो. क्लाउडमधल्या सशुल्क क्लस्टरवर हे प्रयोग करताच येत नाहीत: तिथे कंट्रोल प्लेन क्लाउड कंपनीच्या ताब्यात असतं आणि त्या चार फाइलींपर्यंत ग्राहकाचा हातच पोचत नाही.

पहिल्या आठवड्यात बहुतेकांची वाट अडते ती इमेजच्या बाबतीत. लॅपटॉपवर इमेज बांधून झाली, डॉकरच्या यादीत ती दिसते, तरी क्लस्टर म्हणतो की इमेज मिळत नाही. कारण सरळ आहे. नोडच्या आतल्या कंटेनरडीचं कोठार वेगळं. लॅपटॉपवरच्या डॉकरमध्ये काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. काइंडमध्ये इमेज ‘लोड’ करावी लागते, के३डीमध्ये ‘इम्पोर्ट’. एवढं करूनही एक सापळा उरतो. इमेजला ‘लेटेस्ट’ हा टॅग असेल किंवा टॅगच नसेल, तर कुबरनेटिस दर वेळी ती नव्याने उतरवायला निघतो, कोठारात असली तरी. टॅग नेमका दिला की प्रश्न मिटतो. दुसरीकडे, नोव्हेंबर २०२० पासून डॉकर हबने निनावी वापरावर मर्यादा घातली, सुरुवातीला एका आयपी पत्त्यामागे सहा तासांत १०० इमेज. वसतिगृहाचं किंवा ऑफिसचं सगळं इंटरनेट एकाच पत्त्यावरून बाहेर पडत असेल तर ही मर्यादा दुपारपर्यंत संपू शकते, म्हणून स्थानिक रजिस्ट्री चालवायची सवय सुरुवातीलाच लावून घेणं हिताचं. नोव्हेंबर २०२० मध्येच अ‍ॅपलची एम१ चिप आली आणि एआरएम यंत्रांवर इंटेलसाठी बांधलेली इमेज चालवू गेल्यावर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ दिसू लागली. दोन्ही रचनांसाठी इमेज बांधणं हा त्यावरचा खरा उपाय.

आता भोवतालातल्या फरकाकडे यायला हवं, कारण छोट्या क्लस्टरवर आंधळा विश्वास ठेवणं हे त्याला तुच्छ लेखण्याइतकंच घातक आहे. क्लाउडमध्ये ‘लोडबॅलन्सर’ प्रकारची सर्व्हिस मागितली की कंपनी पाठीमागे खरा लोड बॅलन्सर उभा करते. काइंडमध्ये तो देणारा कुणी नसतो, म्हणून बाहेरचा पत्ता अनंत काळ ‘पेंडिंग’ राहतो. मिनिक्यूबमध्ये वेगळा बोगदा उघडावा लागतो. के३एसमध्ये ही जबाबदारी उचलणारा छोटा घटक आधीच असतो. साठवणुकीचंही तसंच. छोट्या क्लस्टरमधला ‘व्हॉल्यूम’ बहुधा त्याच यंत्रावरचं एक फोल्डर असतं, त्यामुळे डिस्क एका नोडवरून सुटून दुसऱ्याला जोडली जाताना होणारा उशीर इथे अनुभवता येत नाही.

सर्वांत धोकादायक फरक नेटवर्क पॉलिसीचा. कुठल्या पॉडने कुणाशी बोलावं हे ठरवणारा नियम एपीआय सर्व्हर निमूटपणे स्वीकारतो आणि नोंदवतो. त्याची अंमलबजावणी मात्र क्लस्टरच्या नेटवर्क प्लगिनने करायची असते. काइंडच्या मूळ प्लगिनमध्ये बरीच वर्षं ही अंमलबजावणी नव्हती. नियम लिहिला, क्लस्टरने तो तक्रार न करता घेतला, यादीतही दिसतो, आणि डेटाबेसचं दार सगळ्यांना उघडंच. के३एसमध्ये अंमलबजावणी करणारा घटक मूळ मांडणीतच सोबत येतो. म्हणून नियम लिहिल्यावर दुसऱ्या पॉडमधून जोडणी करून पाहायची आणि ती खरोखर नाकारली जाते का, हे तपासायचं. हा शिरस्ता मोठ्या क्लस्टरवरही तितकाच लागू आहे.

तीन नोडचा क्लस्टर लॅपटॉपवर चालवला तरी तिन्हींच्या खाली कर्नल एकच असतो. तरीही नोड गमावण्याचा अनुभव इथे पुरेपूर मिळतो. कामाचा एक नोड, म्हणजे डॉकरचा एक कंटेनर, बंद करावा. पाऊण-एक मिनिटात तो ‘नॉट रेडी’ दिसतो. त्यावरचे पॉड लगेच दुसरीकडे जातील असं प्रत्येकाला वाटतं. प्रत्यक्षात मूळ मांडणीत कुबरनेटिस आणखी पाच मिनिटं वाट पाहतो, कारण नोड कदाचित परत येईल. ग्राहकांना सेवा देणाऱ्या कंपनीला ही पाच मिनिटं परवडतात का, हा निर्णय तिथल्या माणसांनी घ्यायचा असतो, आणि तो घेण्याआधी ती पाच मिनिटं एकदा घड्याळ लावून पाहिलेली असावीत.

आवृत्त्या बदलतानाही छोटा क्लस्टर फार कामी येतो. ऑगस्ट २०२१ मधल्या १.२२ आवृत्तीने इन्ग्रेसचे जुने बीटा एपीआय काढून टाकले, मे २०२२ मधल्या १.२४ ने कुबलेटमधला डॉकरशिम हटवला आणि ऑगस्टमधल्या १.२५ ने पॉड सिक्युरिटी पॉलिसी मोडीत काढली. प्रत्येक वेळी जुन्या यॅमल फाइली घेऊन बसलेल्या टीमची धावपळ झाली. काइंडला हव्या त्या आवृत्तीची नोड इमेज देता येते: एका खिडकीत जुनी आवृत्ती, दुसरीत नवी, दोन्हींवर कंपनीच्या सगळ्या फाइली लावून पाहायच्या. काय मोडतं त्याची यादी संध्याकाळपर्यंत हातात येते.

वाचकाकडून अपेक्षा थोड्या आहेत. लिनक्सची कमांड लाइन आणि डॉकरची जुजबी ओळख असावी. रॅम ८ जीबी असली तरी चालेल. मात्र तेव्हा ब्राउझरच्या खिडक्या आवरून ठेवाव्यात आणि एका नोडवर समाधान मानावं. विंडोज वापरणाऱ्यांनी डब्ल्यूएसएल २ बसवून घ्यावं. ते मूळ मांडणीत यंत्राची निम्मी मेमरी वापरू शकतं, ही मर्यादा त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये बदलता येते. पॉड १३७ हा आकडा दाखवून मरू लागला तर बहुधा मेमरी संपलेली असते. लिनक्सवर काइंडचे अनेक नोड चालवताना ‘टू मेनी ओपन फाइल्स’ असा संदेश आला तर आयनोटिफायच्या मर्यादा वाढवाव्यात. आकडे दुसऱ्या प्रकरणात दिले आहेत. ज्यांना कुबरनेटिस प्रशासकाची सीकेए परीक्षा द्यायची आहे त्यांना वेगळं सांगायला नको: दोन तास, समोर टर्मिनल आणि खऱ्या क्लस्टरवरची कामं, अशी ती परीक्षा असते. वरचे शेड्युलरचे आणि नोडचे प्रयोग तिच्या तयारीतही मोडतात.

एक खबरदारी मात्र पहिल्या दिवसापासून घ्यावी. कुबसीटीएल एका वेळी एकाच क्लस्टरकडे तोंड करून असतो, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर स्थानिक क्लस्टरशेजारी प्रॉडक्शनचं नावही त्याच फाइलमध्ये असू शकतं. काइंड नवा क्लस्टर उभारताना ते तोंड आपोआप स्वतःकडे वळवतो, पण नंतर कुणी ते बदललं तर इशारा देत नाही. म्हणून या पुस्तकातल्या प्रत्येक मोडतोडीच्या पाठात पहिली आज्ञा चालू कॉन्टेक्स्ट, म्हणजे ते तोंड कुठे वळलंय, हे विचारणारी आहे, आणि उत्तरात काइंडचं नाव आल्यावरच दुसरी आज्ञा द्यायची आहे.